बहिरेपणाचे प्रकार

ध्वनीच्या मार्गात दोष नेमका कोठे आहे, यावरून बहिरेपणाचे वहनदोषजन्य, संवेदन-तंत्रिकाजन्य आणि मिश्र असे तीन प्रकार मानले जातात. बाह्यकर्णनलिका, पडदा किंवा मध्यकर्णातील हातोडी, ऐरण व रिकीब या हाडांत दोष असेल तर पहिला प्रकार. अंतर्कर्णातील शंखाकृती कर्णावर्तात किंवा श्रवण तंत्रिकेत असेल तर दुसरा. दोन्हींकडे असेल तर तिसरा. किती डेसिबल ऐकू येत नाही ही तीव्रता झाली. तिच्यावरून प्रकार ठरत नाही.

साठलेला मळ, पडद्याचे छिद्र, पडद्यामागचा द्राव, वाहता कान आणि जखडलेली रिकीब ही पहिल्या प्रकारची नेहमीची कारणे. यातील घट साधारण 60 डेसिबलपलीकडे जात नाही, कारण त्याहून मोठा आवाज कवटीच्या हाडातून थेट अंतर्कर्णात पोचतो. दुसऱ्या प्रकारात वार्धक्य, सततचा गोंगाट (श्रवणालेखात, म्हणजे ऐकण्याच्या पातळीच्या आलेखात, बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खाच), जेंटामायसिन व सिस्प्लॅटिनसारखी औषधे, गालगुंड, मेंदूज्वर आणि आनुवंशिकता येतात. यात उच्च कंप्रता (बारीक, उंच पट्टीचे स्वर) आधी गेल्यास ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असते.

हे प्रकार ओळखण्यासाठी नादकाटा (ठोकल्यावर ठरावीक स्वर देणारा धातूचा चिमटा) वापरतात. त्याच्या चाचण्यांना वेबर आणि रिने यांची नावे असली, तरी त्यांचे श्रेय इतके सरळ नाही. हाडामार्गे ऐकू येते हे सोळाव्या शतकात इटालियन वैद्य कार्दानो यांनी नोंदले होते. बंद केलेल्या कानाकडे आवाज सरकतो हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ व्हीटस्टन यांनी 1827 मध्ये, तर वेबर यांनी 1834 मध्ये मांडले. मात्र रोगनिदानासाठी त्याचा वापर ड्रेस्डेनचे कर्णवैद्य श्माल्झ यांनी 1840 च्या दशकात रूढ केला असे दिसते. रिने यांचा लेख 1855 चा, पण त्यांची चाचणी सार्वत्रिक झाली ती बहुधा 1880 नंतर.

वेबर चाचणीत 512 हर्ट्झचा काटा कपाळाच्या मध्यावर टेकवला की वहनदोषात आवाज वाईट कानाकडे जातो, तंत्रिकादोषात चांगल्या कानाकडे. हा फरक अचानक आलेल्या बहिरेपणात मोलाचा ठरतो. 72 तासांच्या आत लागोपाठच्या तीन कंप्रतांवर 30 डेसिबल किंवा अधिक घट झाली तर ती तातडीची बाब असते. परंतु ‘मळ असेल’ म्हणून थेंब टाकत बसण्यात स्टेरॉइड उपचाराचे पहिले, महत्त्वाचे दिवस निघून जातात. रिने चाचणीत काटा कानासमोर व कानामागच्या हाडावर आळीपाळीने धरतात; हाडावर अधिक मोठा वाटला तर वहनदोष. येथे एक फसगत आहे. एक कान पूर्ण निकामी असेल, तर हाडावरचा आवाज कवटीतून दुसऱ्या कानाला जातो आणि खोटा वहनदोष दिसतो. म्हणून चांगल्या कानाला त्या वेळी गोंगाट ऐकवून झाकावे लागते.

श्रवणालेखात हवामार्ग व हाडामार्ग यांच्या पातळ्यांतील अंतरावरून हाच निर्णय आकड्यांत होतो. हाडामार्ग म्हणजे निव्वळ अंतर्कर्ण, असे गृहीत धरले जाते. ते पुरते खरे नाही. रिकीब जखडते त्या ओटोस्क्लेरोसिसमध्ये हाडामार्गाची पातळीही 500 हर्ट्झला सुमारे 5, 1000 ला 10, 2000 ला 15 आणि 4000 ला 5 डेसिबलने खालावते. कारहार्ट यांनी 1950 मध्ये वर्णिलेली ही खाच शस्त्रक्रिया साधल्यावर बरीचशी भरून येते. कवटी हादरताना हाडांची साखळीही हलून ध्वनीत भर घालते. तिचा अनुनाद (ती सर्वांत जोराने कंप पावते ती कंप्रता) 2000 हर्ट्झच्या आसपास असल्याने तेथेच तूट जास्त दिसते, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. अंतर्कर्णातील द्रवाच्या हालचालीलाही काहीजण वाटा देतात. काहीही असले तरी केवळ या खाचेवरून ‘मिश्र’ असा शेरा देऊ नये.

उलट फसगतही होते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाडाला भोक असेल (हा विकार मायनर यांनी 1998 मध्ये वर्णिला), तर मध्यकर्ण निरोगी असूनही नीच कंप्रतांवर हवा-हाड अंतर दिसते. हाडामार्गाची पातळी शून्याहूनही चांगली येते आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांची हालचालसुद्धा ऐकू येते. रिकिबीच्या स्नायूचा प्रतिक्षेप (मोठ्या आवाजाने तो आपोआप आकसणे) येथे टिकून असतो, ओटोस्क्लेरोसिसमध्ये सहसा नसतो. तो न तपासता रिकिबीवर शस्त्रक्रिया केल्यास ती वाया जाते.

श्रवण तंत्रिका-विकार हे नाव 1996 मध्ये रूढ झाले. यात केम्प यांनी 1978 मध्ये शोधलेला कर्णावर्ताचा प्रतिध्वनी (आवाज ऐकवल्यावर कर्णावर्तातून परत येणारा क्षीण ध्वनी) मिळतो, पण मस्तिष्कस्तंभाचा (मेंदूच्या देठाचा) विद्युत प्रतिसाद मिळत नाही किंवा विस्कळीत येतो. त्यामुळे केवळ प्रतिध्वनीवर भिस्त ठेवणाऱ्या नवजात तपासणीतून अशी बाळे ‘उत्तीर्ण’ होऊन सुटतात. तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची विद्युत प्रतिसादाची चाचणी म्हणूनच आवश्यक ठरते.

श्रवणालेख चांगला असूनही गोंगाटात बोलणे न कळणे हा मेंदूच्या पातळीवरचा दोष काही ग्रंथकार स्वतंत्र प्रकार मानतात. त्याच्या निदानाच्या कसोट्यांवर एकमत नाही.