टॅबलेट घेताना आधी स्क्रीन मोजावी

टॅबलेटच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नाव आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक अक्षरांत छापलेले असतात. परंतु ज्या स्क्रीनकडे आपण पुढची चार-पाच वर्षे रोज पाहणार असतो, तिच्याविषयी बहुधा ‘दहा इंच’ एवढाच उल्लेख असतो. निवडीची सुरुवात मात्र तिथूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनावरचे दोन बिंदू वेगवेगळे ओळखता येतात. वाचताना टॅबलेट डोळ्यांपासून 40 सेंटिमीटरवर धरला, तर हा कोन स्क्रीनवर सुमारे 0.12 मिलिमीटर अंतर व्यापतो. म्हणजेच इंचाला 220च्या आसपास पिक्सेल असतील, तर ते सुटे दिसत नाहीत. 2010च्या पहिल्या आयपॅडमध्ये इंचाला 132 पिक्सेल होते, तर 2012च्या तिसऱ्या आयपॅडमध्ये 264. आजही 10.1 इंची स्वस्त टॅबलेटमध्ये 1280 × 800 पिक्सेलची स्क्रीन आढळते, तिची घनता जेमतेम 149 भरते. त्याच आकारात 1920 × 1200 पिक्सेल असतील, तर ती 224 होते. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक अधिक जाणवतो, कारण लहान टायपात ‘द्ध’ आणि ‘द्घ’ यांतला भेद एखाद्या बारीक वळणावर अवलंबून असतो आणि अनुस्वार तर एका ठिपक्याचाच असतो.

घनतेइतकेच महत्त्व स्क्रीनच्या प्रमाणाला आहे, आणि त्याकडे फारच कमी लोक पाहतात. कर्ण 10 इंचांचाच असला, तरी 4:3 प्रमाणाच्या स्क्रीनचे क्षेत्रफळ 48 चौरस इंच असते आणि 16:10 प्रमाणाच्या स्क्रीनचे सुमारे 45. उभ्या धरलेल्या टॅबलेटवर ए-फोर आकाराचे पूर्ण पान उघडले, तर पहिल्या स्क्रीनवर ते सुमारे 45 चौरस इंच जागा घेते आणि दुसऱ्या स्क्रीनवर 40. आडव्या स्क्रीनवर 16:9चा चित्रपट लावला, की पारडे फिरते: 4:3वर चित्राला 36 चौरस इंच मिळतात, 16:10वर सुमारे 40. म्हणून बालभारतीच्या पुस्तकांच्या किंवा शासन निर्णयांच्या पीडीएफ वाचणे हे मुख्य काम असेल, तर 4:3च्या जवळची स्क्रीन घ्यावी; मालिका आणि क्रिकेट पाहण्यासाठी 16:10 सोयीची. चित्रपट पाहणाऱ्यांनी ‘वाइडवाइन एल-वन’ हे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेचे प्रमाणपत्रही तपासावे, कारण ते नसलेल्या अँड्रॉइड टॅबलेटवर अनेक ओटीटी सेवा एचडी दर्जाचे चित्र देत नाहीत.

स्क्रीनचे मुख्य प्रकार दोन: एलसीडी आणि ओएलईडी. एलसीडीमध्ये मागून येणारा प्रकाश द्रवस्फटिकांच्या थरातून गाळला जातो आणि तो पूर्णपणे अडवता येत नाही, म्हणून तिचा काळा रंग किंचित राखाडी दिसतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि काळ्या जागी विझतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्याचा आनंद तिच्यावर खरोखर वेगळाच असतो. पांढऱ्या पानावरची काळी अक्षरे वाचण्यासाठी मात्र चांगली एलसीडी पुरते.

हाताने टिपणे काढायची असतील, तर पेनची सोय आधी पाहावी. स्पर्श ओळखणारी स्क्रीन विद्युतधारितेतला, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला, बदल मोजते, म्हणून मऊ रबरी टोकाचे साधे पेन तिला बोटासारखेच भासते आणि दाबाचा फरक कळत नाही. सॅमसंगच्या एस-पेनसारख्या पेनमधले वेटोळे स्क्रीनखालच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ऊर्जा घेते, त्यामुळे लिहिण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही आणि दाबही नोंदवला जातो.

टॅबलेट फोनपेक्षा जास्त वेळ घरीच, बऱ्याचदा चार्जरला जोडलेला राहतो. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत राहिली, की तिच्या आत नको त्या रासायनिक अभिक्रिया वेगाने होतात आणि वापरण्याजोगे लिथियम घटत जाते. त्यामुळे चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे का आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार आहेत, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.