किनारासहल (क्रूझ बंदरातील दिवस)

क्रूझ जहाज बंदरात उभे असताना प्रवासी उतरून जमिनीवर जो दिवस घालवतात तो म्हणजे किनारासहल. जहाजावर त्याला ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणतात. दिवस म्हटला तरी हाती सहा ते दहा तास येतात, आणि त्यातला बराच वेळ उतरण्याच्या रांगेत, बंदराच्या फाटकाशी आणि रस्त्यात जातो. त्यामुळे काय पाहायचे या प्रश्नापासून आखणी सुरू केली की ती बहुधा फसते. ती सुरू करायची परतीच्या वेळेपासून आणि तिथून मागे मोजत यायचे. कोकण किनाऱ्यावर या मोजणीत घड्याळाच्या जोडीला भरती-ओहोटी आणि वारा धरावा लागतो.

उलटी मोजणी

जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी चढण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीच्या अर्धा ते एक तास आधी असते आणि प्रवाशापुरती तीच खरी. सहाला सुटणाऱ्या जहाजावर पाच-साडेपाचला शिडी बंद होते. जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगरले असेल, तर छोट्या बोटींनी ने-आण होते. तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ पाहायची, आणि त्या बोटीला जेट्टीवर रांग असणार हेही धरायचे. यातून आणखी एक तास हातचा ठेवावा. वजाबाकीत हातचा विसरला तर उत्तर चुकते, इथे जहाज चुकते.

जहाजाच्या कंपनीकडून घेतलेली सहल महाग पडते, पण तिची बस अडकली तर जहाज थांबते किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतः गाडी ठरवून गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. दूरच्या ठिकाणी कंपनीच्या बसने जावे आणि जवळपास स्वतःचे स्वतः फिरावे, हा व्यवहार बहुतेक जुने प्रवासी पाळतात.

घड्याळ कोणते, हा प्रश्न परदेशी बेटांवर येतो. मालदीवची वेळ भारताच्या अर्धा तास मागे आहे, सेशेल्सची दीड तास. मेक्सिकोतील कोझुमेल बेट ज्या राज्यात येते त्याने २०१५ मध्ये आपली वेळ बदलली. तेव्हापासून उन्हाळ्यात फ्लोरिडाहून आलेल्या जहाजाची वेळ बेटाच्या एक तास पुढे असते. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि माणूस निवांत राहतो. म्हणून हातातले साधे घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. मुंबई, गोवा आणि लक्षद्वीप सगळे भारतीय प्रमाणवेळेवर असल्याने आपल्या किनाऱ्यावर ही भानगड नाही.

पूर्वपीठिका : बोट आणि पडाव

बाहेर नांगरलेल्या जहाजातून लहान होडीने किनाऱ्याला यायचे, हा प्रकार कोकणाला क्रूझने शिकवलेला नाही. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी आगबोट, कोकणी बोलीत नुसती ‘बोट’, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. अनेक ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राही. पडाव किंवा मचवे तिच्या अंगाला लागत आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या, पोती खाली उतरत. पडावही पुळणीपर्यंत येत नसे तिथे उरलेले अंतर खलाशाच्या खांद्यावर बसून कापावे लागे. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार याच प्रवासाने मराठीला दिला. समुद्रावर पोट ढवळण्याला आजही दुसरा इतका नेमका शब्द नाही. बोट लागलेल्या माणसाला जमिनीवर आल्यावरही तास-दोन तास भुई हलल्यासारखी वाटते, म्हणून उतरल्या उतरल्या लगेच घाटरस्त्याची गाडी धरू नये.

पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद असे, जवळच्या फेऱ्या मात्र चालत. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येच्या सुमाराची ती तारीख किनाऱ्यावर अजून विसरलेली नाही. क्रूझचा हंगामही मोसमी पाऊस टाळून साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे असतो. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या वर ओढलेल्या असतात.

तिथी, भरती आणि वारा

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब सव्वाअकरा येतो, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. पक्ष कोणताही असो, मोजणी प्रतिपदेपासूनच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. स्थळानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दोन महिने आधी तिकीट काढताना दिनदर्शिकेवरून अंदाज बांधायला हे पुरेसे आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्यावी.

या गणितातून एक गोष्ट निघते, ती प्रवासी पुस्तिकांत सहसा नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरतेही. पण उधाणाची ओहोटी पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. सकाळी आठला येऊन संध्याकाळी जाणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला ती गाठता येत नाही. त्याला भर दुपारी जी ओहोटी मिळते ती अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची, आणि भांगाला पाणी फारसे हटत नाही.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला होडी लागते. मुंबईत उतरलेला प्रवासी गेटवेहून मांडव्याची बोट (सुमारे तासभर) आणि पुढे गाडी धरून साडेअकरा-बाराला अलिबागला पोचतो. अष्टमी असेल तर वेळ बरोबर जुळते, पण पायाखाली कोरडी वाळू मिळेलच असे नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागते किंवा घोडागाडी करावी लागते. पौर्णिमेला त्याच वेळी किल्ल्याभोवती भरतीचे पाणी असते. सुक्या पायांनी कुलाबा पाहायचा तर अलिबागला मुक्काम हवा, क्रूझच्या दिवसात ते बसत नाही. देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटीत उघडा पडणारा वाळूचा दांडा, ज्याला लोक ‘त्सुनामी आयलंड’ म्हणू लागले आहेत, त्यालाही हाच नियम लागू. चढउतार मात्र दक्षिणेकडे कमी होत जातो : मुंबईला उधाणात पाच मीटरच्या आसपास, मालवण-गोव्याकडे दोन-अडीच.

वाऱ्याचे वेळापत्रक सोपे आहे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, दर्या शांत. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लाटा उसळू लागतात. म्हणून पाण्यावरचे काम सकाळी उरकावे आणि जमिनीवरचे दुपारनंतर ठेवावे. लोक नेमके उलट करतात : सकाळी बाजार, जेवण, मग ‘ऊन उतरल्यावर’ होडी.

मुंबई आणि मुरगाव

महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर किनाऱ्यावर बंदरे पुष्कळ असली, तरी मोठ्या क्रूझ जहाजांचे नेहमीचे थांबे दोनच : मुंबई आणि किनारपट्टीच्या दक्षिणेला गोव्यातील मुरगाव. मुंबईत जहाज बॅलार्ड पिअरला लागते. तिथून फोर्ट, गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही ठिकाणे इतकी जवळ आहेत की चार-पाच तासच हाती असतील तर गाडी करूच नये. घारापुरीला गेटवेहून लाँचने साधारण एक तास जायला, तेवढाच यायला, वर शंभरावर पायऱ्या. सगळे मिळून पाच तास धरावेत. लेणी सोमवारी बंद असतात. जहाज सोमवारी येणार असेल तर हा बेत तिकीट काढतानाच खोडून टाकावा.

मुरगाव जुवारी नदीच्या मुखाशी आहे आणि गावात उतरल्यावर ‘हेच का गोवा?’ असा प्रश्न पडतो, कारण समोर दिसते ते मालवाहू बंदर. जुने गोवे सुमारे तीस किलोमीटर, पणजीही जवळपास तेवढीच. मराठी कुटुंबांचा ओढा मात्र बहुधा फोंड्याकडे असतो, मंगेशी आणि शांतादुर्गेकडे. मंगेशी, जुने गोवे आणि पणजी एका दिवसात होते. त्यात उत्तरेकडचा किनारा घुसडला की काहीच धड होत नाही. हात-पाय समुद्रात बुचकळायचे एवढीच हौस असेल तर जवळचे बोगमाळो पुरे.

होडीचे किल्ले

मोठी जहाजे थांबत नसली तरी बेटावरचा अर्धा दिवस कसा आखायचा याचा धडा मालवणात मिळतो. सिंधुदुर्गाचे बांधकाम कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले. सुमारे तीन किलोमीटरचा तट, आत राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिर, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. जेट्टीवरून होडीला पाव तास लागतो, पण होडीवाले परतीची वेळ बांधून देतात, साधारण तासाभराची. एवढ्यात तटावरून पुरी फेरी होत नाही. निम्मा तट किंवा मंदिर-विहिरी यांतले एक निवडावे, किंवा जास्त थांबण्याचे आधीच बोलून घ्यावे. राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना तर शिडाच्या होडीचा वेळ वाऱ्यावर अवलंबून, आणि दरवाजाशी होडी हलत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी किल्ला राजपुरीच्या चढावरून पाहिला तरी त्यात कमीपणा नाही. दृश्य तिथून अधिक चांगले दिसते.

जेवणाचा वेळ सगळेच कमी धरतात. मालवणी खानावळीत सुरमई ताजी तळून येते, म्हणजे गर्दीच्या दिवशी पाऊण तास सहज. सकाळी होडीत बसण्यापूर्वी फोनवर थाळ्या सांगून ठेवल्या तर तो वाचतो. वेळ नसेल तर घावणे-चटणी आणि वाटीभर सोलकढीवर निभावते. खरेदीत खाजा, काजू, आंबापोळी, कोकम चालते. ताजी फळे आणि शिजवलेले अन्न मात्र बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घेऊन फाटकाशी आलेल्याला ती तिथेच सोडावी लागू शकते, म्हणून आधी विचारावे.

लक्षद्वीप

कोकणातून निघणाऱ्या प्रवाशाला खऱ्या अर्थाने उष्णकटिबंधीय बेटाचे बंदर भेटते ते लक्षद्वीपला. मुंबईहून निघणारी काही जहाजे तिथवर जातात. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले सरोवर उथळ असल्याने जहाज बाहेरच राहते आणि बोटींनी किनाऱ्याला जावे लागते. समुद्र उसळलेला असेल तर कप्तान उतरणेच रद्द करतो, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. प्रवेशासाठी परवाना लागतो. प्रवाळ आणि शंख उचलू नयेत, प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. बंगाराम बेटाखेरीज इतरत्र दारूबंदी आहे. वस्ती मुस्लिम असल्याने गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. पाहण्यासारखे पाण्याखाली आहे, त्यामुळे दिवसाचे तुकडे न करता एकाच किनाऱ्यावर थांबणे बरे. सावली कमी, वाळू पांढरीशुभ्र, ऊन खालूनही भाजते.

जहाज चुकले तर

जहाजाचे कार्ड, फोटो असलेले ओळखपत्र, थोडी रोकड, रोजची औषधे आणि कागदावर लिहिलेला जहाज कंपनीच्या बंदरातील एजंटचा नंबर एवढे अंगावर असले पाहिजे. परदेशी बंदरात पासपोर्टची प्रतही ठेवावी. प्रवासी आला नाही तर काही जहाजांवर खोलीतला पासपोर्ट काढून एजंटकडे दिला जातो. एजंटला कळवणे पहिले, टॅक्सी शोधणे नंतर, कारण पुढच्या बंदरात चढू द्यायचे की नाही हे जहाज ठरवते. मुंबईला चुकलेले जहाज पुढे मुरगावला थांबणार असेल, तर विमान किंवा रात्री सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस. ती दुसऱ्या दिवशी मडगावला सोडते, तिथून बंदर तासाभराच्या अंतरावर. सुट्टीच्या दिवसांत मात्र तिचे आरक्षण आयत्या वेळी मिळत नाही.