फाउंडेशनचं अनुदान आणि कंपनीचा सीएसआर: बडोद्यातल्या मंडळांनी अर्ज कुठे करावा?

दांडिया बाजारातलं हौशी नाट्यमंडळ असो, नाहीतर विश्वामित्रीच्या काठावर रविवारी कचरा गोळा करणारी पोरं, पैशांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, एखाद्या फाउंडेशनला अर्ज टाकू की." मग एकच अर्ज, वरचं नाव तेवढं बदलून, सातआठ ठिकाणी जातो आणि बहुतेक ठिकाणांहून उत्तरही येत नाही. कारण त्या सातआठांत दोन अगदी वेगळ्या जातीचे पैसे असतात.

नावावरून मात्र ते ओळखू येत नाही. रिलायन्स फाउंडेशन, इन्फोसिस फाउंडेशन आणि इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही तिन्ही नावं एकाच माळेतली वाटतात. पहिल्या दोन संस्था आपापल्या कंपन्यांचं सीएसआरचं, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर कराव्या लागणाऱ्या खर्चाचं, काम पाहतात. तिसरी १९९३ साली बंगळूरुत स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे; ती देणग्या गोळा करते आणि कलेच्या कामांना अनुदान देते. टाटा ट्रस्ट्सचं तर उलटंच आहे. तिथे ट्रस्ट कंपनीचा नाही, टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत. टाटांच्या कंपन्यांचा सीएसआर हा त्याहून निराळा. म्हणून पाटी वाचत बसू नये, हा पैसा कुणाला जाब देतो ते विचारावं.

सीएसआरचा पैसा कायद्याला जाब देतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीही एक गाठलेलं असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कशावर, तेही सातव्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. शिक्षण आणि पर्यावरण त्यात आहेतच. कला, वारसा, ऐतिहासिक इमारतींचं जतन, सार्वजनिक वाचनालयं आणि पारंपरिक कलाही आहेत. म्हणजे 'कलेला सीएसआर मिळत नाही' हा आपल्याकडचा समज खोटा आहे.

मग नाट्यमहोत्सवाला का नाही मिळत? कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ, जाहिराती यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही नियमांनी बाहेर ठेवली आहे. तेव्हा रंगमंचामागे कंपनीचा भलामोठा बॅनर लावून तीन दिवसांचा महोत्सव करायचा असेल, तर सीएसआर खात्याच्या दारात उभं राहू नका, सरळ मार्केटिंगवाल्यांना भेटा. तेच मंडळ महापालिकेच्या शाळांत वर्षभर नाट्यप्रशिक्षण देणार असेल, तर ते शिक्षण झालं आणि दार उघडं आहे.

दुसरी खाच जागेची. कायदा म्हणतो, कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या. नंदेसरी, मकरपुरा, कोयलीच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचे अधिकारी आधी कारखान्याभोवतीच्या गावांकडे बघतात. मांडवीजवळच्या जुन्या वाड्यातल्या भित्तिचित्रांसाठी त्यांना पटवायचं तर अर्जात वाड्याचं कौतुक कमी आणि त्या गावांतली किती मुलं तिथे येऊन काय शिकतील, हे जास्त लिहावं लागेल. मला हे जरा ओढूनताणून वाटतं, पण कंपनीत सीएसआरच्या खर्चाचा तक्ता भरणाऱ्या माणसाची अडचणही समजते.

फाउंडेशनचं अनुदान जाब देतं ते आपल्याच ट्रस्टच्या उद्देशाला. इथे २ टक्क्यांचं बंधन नाही, सातव्या परिशिष्टाची यादी नाही. तुमचा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला पाहिजे, बस्स. म्हणून इथे किती लाभार्थी यापेक्षा हे काम का आणि तुम्हीच का, हे विचारलं जातं. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स एकट्या संशोधकालाही अनुदान देतं. सीएसआरमध्ये तसं नाही. कंपनी स्वतः काम करत नसेल तर पैसे नोंदणीकृत संस्थेतूनच जातात. तुमच्यासारख्या बाहेरच्या ट्रस्टला किंवा सोसायटीला आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. मागच्या वर्षी सुरू झालेल्या ग्रुपने कंपनीच्या चकरा मारून चपला झिजवण्यात अर्थ नाही.

अनुदान म्हणजे बिनशर्त पैसा, असंही कुणी समजू नये. बडोद्याला हे नवं नाही. सयाजीरावांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होताच. आजच्या फाउंडेशनच्या अटी टप्प्याटप्प्याने अहवाल, खर्चाचा हिशेब आणि कामाची नोंद मागतात. पण शोध घेता घेता वाट बदलली तर बोलून बदल करून घेता येतो. कंपनीत तोच बदल सीएसआर समितीपुढे जातो.

पगाराच्या बाबतीत मंडळं हमखास फसतात. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला. तुमच्या हिशेबनिसाच्या आणि समन्वयकाच्या पगाराला ती लागू नाही, तरी समोरून तसं सांगितलं जातं. नियम दाखवा, नम्रपणे दाखवा, पण दाखवा.

पर्यावरणाच्या कामात फरक सगळ्यात जास्त जाणवतो. रोपं लावणं, शाळेत कचऱ्याचं वर्गीकरण शिकवणं, यांना कंपन्या आनंदाने पैसे देतात. फोटो छान येतात. विश्वामित्रीच्या पाण्याचे नमुने वर्षभर तपासायचे, मगरींची आणि काठच्या झाडांची नोंद ठेवायची, आणि निष्कर्ष कुणाला आवडो न आवडो छापायचे असतील, तर फाउंडेशनकडेच जावं असं माझं मत आहे. पैसा परदेशी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला देणं २०२० पासून बंद आहे हेही लक्षात ठेवा.

राहिला मार्च महिना. वर्ष संपत आलं आणि पैसा शिल्लक असला की कंपनीकडून अचानक फोन येतो: "आठवड्यात प्रस्ताव पाठवा." कारण न खर्चलेला पैसा कंपनीला ठेवता येत नाही. तो चालू, म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या, प्रकल्पाचा असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जातो आणि तीन वर्षांत वापरावा लागतो. नसेल तर सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत भरावा लागतो. फोन आला तर एवढंच विचारा: हा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घेणार का? उत्तर हो असेल तर शाळेतले वर्ग जूनपासून निवांत सुरू करता येतील. नाही म्हणाले, तर ३१ मार्चच्या आत खर्च दाखवता येईल तेवढंच मागा.