नाव न सांगता ओळख पटवणं: या संशोधनाची पार्श्वभूमी

पब्लिक की, आरएसए वगैरे डिजिटल सही आणि गुप्त संदेशांच्या मूळ पद्धती सगळ्यांना माहितीयेत, ते सोडून देऊ. प्रायव्हसी जपणाऱ्या ऑथेंटिकेशनवर, म्हणजे ओळख पटवण्यावर पीएचडी करायची, मग ती पवईच्या आयआयटीत असो की बाहेर, तर मूळ धागा १९८२ च्या ब्लाइंड सिग्नेचरचा. बँकेने सही करायची पण कशावर केली ते तिलाच दिसत नाही आणि सही मात्र कोणीही तपासू शकतो. १९८५ ला झिरो नॉलेज प्रूफ आलं, म्हणजे गुपित न उघडता ते आपल्याला माहितीये हे सिद्ध करणं. ब्लाइंड सिग्नेचर ज्याने शोधली त्याची डिजिटल कॅशची कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००१ मध्ये अनॉनिमस क्रेडेन्शियल्सची वापरता येईल अशी पद्धत आली, म्हणजे एकदाच सर्टिफिकेट घ्यायचं आणि त्यातलं फक्त वय १८ च्या वर आहे एवढंच सिद्ध करायचं, दोनदा दाखवलं तरी माणूस तोच हे कळत नाही. यातलाच एक प्रकार लॅपटॉपमधल्या सिक्युरिटी चिपच्या स्टँडर्डमध्येही गेला, पण फारसा कोणी वापरला नाही.

आपल्याकडे विषय पेटला तो आधारमुळे. पहिला नंबर सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिला, पण माझ्या मते खरं वळण २०१८ चं. जानेवारीत आधार नंबरऐवजी द्यायचा व्हर्च्युअल आयडी जाहीर झाला, १६ आकडी, हवा तेव्हा बदलता येणारा, आणि सोबत आधार तपासणाऱ्या प्रत्येक एजन्सीला त्याच माणसाचं वेगळं टोकन, म्हणजे नंबरऐवजीचा एक कोड, म्हणजे दोन कंपन्यांना आपापल्या याद्या जुळवता येऊ नयेत. कल्पना चांगलीच होती. पण एजन्सींचे दोन गट पाडले, काहींना पूर्ण नंबर आणि बाकीच्यांना फक्त टोकन, आणि कोण कुठल्या गटात ते वरूनच ठरणार. शिवाय प्रत्येक ऑथेंटिकेशन आधारच्या सेंट्रल सर्व्हरवरूनच जातं, त्यामुळे कोणत्या एजन्सीने कधी विचारलं ते तिथे कळतंच. टोकनने दुकानदारापासून लपता येतं, सर्व्हरपासून नाही, आणि १९८२ पासूनची सगळी मेहनत नेमकी सर्व्हरपासून लपता यावं यासाठी होती.

आधारच्या बाजूने बोलणारे म्हणायचे की रेशन दुकानात माणसाकडे ठसा द्यायला फक्त बोट असतं, क्रेडेन्शियल ठेवायचं कुठे? रेशनपुरतं हे मला पटतं. पण मुंबईत सिमकार्ड घेणाऱ्याच्या किंवा दादरच्या लॉजवर झेरॉक्स देणाऱ्याच्या खिशात फोन असतोच ना! त्याच वर्षी सर्व्हरला न विचारता चालणारी, सही केलेली ऑफलाइन फाइलही आली, फक्त तीच फाइल दोन ठिकाणी दिली की आतल्या रेफरन्स नंबरवरून माणूस जुळतो. सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने लॉग, म्हणजे ऑथेंटिकेशनच्या नोंदी, ६ महिन्यांच्या वर ठेवायला मनाई केली, खासगी कंपन्यांचा आधार वापरायचा रस्ता अडवला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि टेलिकॉमसाठी तो ऐच्छिक म्हणून परत उघडला.

बाहेर २०२२ मध्ये तीच जुनी आरएसए ब्लाइंड सिग्नेचर कॅप्चा, म्हणजे वेबसाइटवरची 'तुम्ही रोबोट नाही ना' ही तपासणी, टाळण्यासाठी आयफोनमध्ये आली. २०२४ मध्ये युरोपच्या डिजिटल वॉलेटच्या, म्हणजे फोनमध्ये ओळखपत्रं ठेवायच्या ॲपच्या, आराखड्यावर क्रिप्टोग्राफर्सनी आक्षेप घेतला की यात एकाच माणसाचे व्यवहार जोडता येतात, अनॉनिमस क्रेडेन्शियल्स घ्या. अडचण अशी की अनॉनिमस क्रेडेन्शियल्सना लागणाऱ्या सह्या फोनमधल्या चिप्सना करता येत नाहीत, म्हणून आता चिप आज जी साधी सही करते तिच्यावरच झिरो नॉलेज प्रूफ बसवायचं काम जोरात सुरू आहे, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी थीसिसचे विषय तिथेच आहेत.