पेशी गिळते, जंतू जगतो

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसाच्या वायुकोशांत पोहोचला की तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी, त्याला गिळतात. इथवर सगळं रीतसर. गिळलेला जंतू पडद्याच्या एका पिशवीत बंद होतो, पिशवीवरचे पंप आत आम्ल वाढवतात, सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास येतो आणि पाचक विकरांनी भरलेला लायसोसोम येऊन पिशवीला मिळतो. बहुतेक जंतू एवढ्यात खलास.

क्षयाच्या जंतूच्या पिशवीत मात्र सामू ६.४ च्या आसपासच अडकतो. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि हार्ट या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तेव्हा निकामी जंतूंच्या पिशव्या लायसोसोमशी जुळलेल्या दिसल्या. धडधाकट जंतूंच्या बहुतांशी नाहीत. म्हणजे जंतूच्या नुसत्या मेणचट कवचावर भागत नाही, जिवंत जंतू स्वतः काही उद्योग करतो. तो ‘पीटीपीए’ नावाचं प्रथिन सोडतो, ते आम्लाचा पंप पिशवीवर बसूच देत नाही. ‘सॅपएम’ हे दुसरं प्रथिन पिशवीवरची एक मेदखूण पुसतं. ती खूणच नसल्यावर लायसोसोमशी जुळणी अडते.

खाण्याचं काय? साखरेच्या भरवशावर तो राहत नाही. यजमान पेशीचं कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं पचवतो. १९९८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा मेदाच्या कामाची सुमारे २५० जनुकं सापडली. आतड्यातल्या ई. कोलायकडे ती जेमतेम ५०. घाई तर त्याला नाहीच: ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, हा जवळजवळ वीस तास घेतो. प्राणवायू कमी पडला तर वाढ थांबवून नुसता पडून राहतो.

क्षयावरच्या बीसीजी लशीची कथा इथे फार बोलकी आहे. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर २३० वेळा वाढवला, त्यातूनच ही लस झाली. बटाट्यावर मॅक्रोफेज नसतात! त्या आरामात जंतूने डीएनएचा एक तुकडा गमावला, आणि पिशवीच्या पडद्याला भोक पाडणारी यंत्रणा नेमकी त्या तुकड्यात होती. त्याचा जोर ओसरला, त्यात या तुकड्याचा मोठा वाटा आहे.

औषधांच्या बाबतीत आम्लाचा मुद्दा पुन्हा येतो. पायराझिनामाइड हे क्षयावरचं औषध साध्या, उदासीन माध्यमात जवळपास निष्प्रभ ठरतं, आम्लात मात्र चांगलं चालतं. मॅक्रोफेजला टी-पेशींचा (प्रतिकारयंत्रणेतल्या दुसऱ्या पेशींचा) इशारा मिळाला की पिशवीतलं आम्ल वाढतं, आणि तिथे हे औषध उपयोगी पडतं. रिफॅम्पिसिन या दुसऱ्या क्षय-औषधाच्या जोडीला ते आल्यावर नऊ महिन्यांचे उपचार सहावर आले.