मुंबईचा शहरी स्वभाव : इतर भारतीय महानगरांच्या तुलनेत

मुंबईला घाई, दिल्लीला रुबाब आणि कोलकात्याला सवड, अशी वाटणी बोलण्यात सर्रास केली जाते. ती अगदीच निराधार नाही. मात्र या स्वभावांची मुळे माणसांच्या वृत्तीत कमी आणि जमिनीचा आकार, वाहतूक व भाड्याचे कायदे यांत जास्त सापडतात.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव घालून जोडली गेली. तिन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे शहराला वाढायला उत्तर ही एकच दिशा उरली. बोरीबंदर ते ठाणे गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी, आणि उपनगरे या रुळांना चिकटूनच वसत गेली. त्यामुळे पत्ता सांगताना आधी स्टेशन येते, मग ‘ईस्ट’ की ‘वेस्ट’. रूळ ओलांडायचा पूल लांब असेल तर समोर दिसणारे घरही वीस मिनिटांवर जाते. अंतर मोजायचे ते मिनिटांत, आणि तेही फास्टने की स्लोने हे सांगून.

लोकलचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण ते कडक आहेत. इंडिकेटरवर गाडी कुठली, फास्ट की स्लो आणि किती डब्यांची, हे तिन्ही पाहावे लागते. 12 डब्यांच्या गाडीसाठी धरलेली जागा 15 डब्यांच्या गाडीला चुकते. तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागितली की बसलेले सरकतात. उतरणाऱ्याने एक-दोन स्टेशने आधीच दाराकडे सरकायचे आणि पुढच्याला ‘उतरना है?’ असे विचारायचे असते. गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. नवखा माणूस फसतो तो इथेच: संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये अंधेरीला उतरायचे म्हणून चढतो आणि आतच अडकतो. लांबचे प्रवासी त्याच्यावर ओरडतात, कारण त्यांची जागा त्याने खाल्लेली असते. बाहेरच्याला हा उद्धटपणा वाटतो. खरे तर तो गर्दीचा हिशेब आहे.

दिल्ली सपाट मैदानावर चहूबाजूंनी पसरली, म्हणून तिथे रिंग रोडला महत्त्व आले. फाळणीच्या काळात तिची लोकसंख्या 1941 मधील सुमारे 9.18 लाखांवरून 1951 मध्ये 17.44 लाखांवर गेली. लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर या निर्वासितांच्या वसाहती. तिथे घर म्हणजे मुळात प्लॉट, त्यावर चढवलेले मजले आणि दारातली गाडी. मुंबईत घर म्हणजे सहकारी सोसायटीतला फ्लॅट: शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स, सेक्रेटरी आणि वार्षिक सभेतली भांडणे. रुबाब दाखवायला दिल्लीत अंगण होते, मुंबईत जिना. मेट्रो दिल्लीत 24 डिसेंबर 2002 रोजी आली, मुंबईत 8 जून 2014 रोजी; आता दिल्लीकरही मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगून पत्ता देतात.

मुंबईची दुसरी घडण गिरण्यांची. 1854 मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या कापडगिरणीनंतर परळ-लालबाग भागात गिरणगाव उभे राहिले; एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, चाळीचा सामाईक व्हरांडा आणि सामाईक नळ. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, घरमालकांनी दुरुस्ती सोडली आणि पागडीचा, म्हणजे एकरकमी रक्कम देऊन भाडेहक्क घेण्याचा, व्यवहार रुळला. 1999 च्या कायद्याने दरवर्षी 4 टक्के वाढ मान्य केली, तरी जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा, म्हणजे ज्यांच्यावर दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो त्यांचा, प्रश्न सुटला नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मावळल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर चढले. चाळ पाडून तिच्या रहिवाशांना टॉवरमध्ये नेले की खोली मोठी होते, व्हरांडा मात्र जातो.

कोलकाता मुंबईचे जुने भावंड: तेही ईस्ट इंडिया कंपनीचे बंदर, तेही दक्षिणोत्तर लांबलेले, मात्र नदीकाठाने. पण 1911 मध्ये राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि त्या शहराचा वेग हळूहळू उतरला. ‘पाडा’ म्हणजे मोहल्ला, घराबाहेरचा ओटा म्हणजे ‘रोक’, तिथे रंगणारा ‘आड्डा’. या सवडीला तशी जागाही होती. मुंबईने ट्राम 1964 मध्ये बंद केली, कोलकात्याने ती त्यानंतर कितीतरी दशके चालवली आणि भारतातली पहिली मेट्रोही 24 ऑक्टोबर 1984 रोजी तिथेच सुरू झाली.

कारभारही निराळा. मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्यानुसार अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे, कोलकात्यात महापौर परिषदेकडे. दिल्लीचे पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली. म्हणून तक्रार कुठे करायची, याचे उत्तर शहरागणिक बदलते.

तुलनेत सर्वांत जास्त गोंधळ हद्दीमुळे होतो. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबई 1.24 कोटींची आणि दिल्ली केंद्रशासित प्रदेश 1.68 कोटींचा, म्हणजे दिल्ली मोठी. पण ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून नागरी समूह मोजला की मुंबई 1.84 कोटी आणि दिल्ली 1.63 कोटी. कोलकाता महापालिकेत तर सुमारे 45 लाखच लोक. हावडा धरून समूह मात्र 1.41 कोटींचा. बृहन्मुंबईच्या सुमारे 600 चौरस किलोमीटरमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा बराच भाग येतो, त्यामुळे सरासरी घनता वस्तीतल्या खऱ्या दाटीपेक्षा कमीच दिसते.