सेंटर

सेंटर : मध्यबिंदू, मधली जागा किंवा एखादे काम जिथून चालते ते ठिकाण, अशा अर्थांचा इंग्रजी शब्द. मराठीत तो पुरता रुळला आहे. नागपुरात झेरॉक्स सेंटर, कोचिंग सेंटर अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात, आणि परीक्षा आल्या की ‘तुझं सेंटर कुठं आलं?’ ही विचारपूस घरोघरी चालते. यातले एकही ठिकाण कशाच्या मधोमध असावे लागत नाही. शब्दाचे मूळ पाहिले तर त्यात वावगेही काही नाही.

ग्रीकमध्ये ‘केंतेइन’ म्हणजे टोचणे. त्यावरून झालेला ‘केंत्रोन’ म्हणजे टोचणारे अणकुचीदार टोक : बैल हाकायच्या पराणीची आर, मधमाशीची नांगी. वर्तुळ काढताना कंपासचे जे टोक एका जागी रुतून बसते, त्यालाही हेच नाव मिळाले आणि टोकावरून ते त्या बिंदूला चिकटले. इ. स. पू. 300 च्या सुमारास युक्लिडच्या भूमितीत वर्तुळाच्या मध्याला हाच शब्द आहे. पुढे लॅटिन ‘सेंत्रुम’ आणि जुनी फ्रेंच असा प्रवास करून तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला.

त्याची दुसरी वाट थेट भारतात पोहोचली. ग्रीक ज्योतिषाबरोबर आलेला केंत्रोन संस्कृतात ‘केंद्र’ झाला. पत्रिकेतली पहिले, चौथे, सातवे आणि दहावे ही केंद्रस्थाने. वराहमिहिराच्या बृहज्जातकात (सहावे शतक) त्यांना केंद्र, कंटक आणि चतुष्टय अशी तीन नावे आहेत. कंटक म्हणजे काटा, म्हणजे टोचणारे टोक इथेही डोकावते. ग्रहगणितात तर केंद्र हा बिंदूही नाही, ते अंतर आहे : ग्रह आपल्या उच्चापासून, म्हणजे कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून, किती अंशांवर आहे ते. होरा, जामित्र, पणफर हे ज्योतिषातले शब्दही ग्रीकमधूनच आले. तेव्हा सेंटर परका आणि केंद्र आपला, ही वाटणी टिकत नाही. दोघे सख्खे भाऊ आहेत.

टोक रोवायचे आणि तिथून मोजायचे, हा मूळ अर्थ नागपूरच्या झिरो माईलला उभा दिसतो. विधानभवनाजवळ वालुकाश्माचा खांब, चार घोडे आणि अंतरे कोरलेला दगड आहे. जबलपूर, रायपूर, चांदा, हैदराबाद किती मैल, ते त्यावर वाचता येते. हा देशाचा नेमका मध्य, असे शहरात अभिमानाने सांगतात. भूगोलाच्या हिशेबाने आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात, करौंदीजवळ धरतात. पण त्यामुळे दगडाचे मोल कमी होत नाही : मोजणी जिथून सुरू झाली ते केंद्र, एवढे तो चोख दाखवतो.

इंग्रजी राजवटीने 1861 मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ हा प्रांत करून नागपूरला त्याची राजधानी केले. त्याचे मराठी नाव मध्यप्रांत. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीचा मान संपला, तरी ‘सीपी अँड बेरार’ (मध्यप्रांत आणि वऱ्हाड) हे नाव इथल्या एका शिक्षणसंस्थेत टिकून आहे. सेंट्रल अव्हेन्यूला तर कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, तो सीए रोड. शहरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही आहे. पैकी पहिल्या दोन नावांतला ‘केंद्रीय’ मधल्या जागेचा नव्हे, दिल्लीच्या सरकारचा.

स्पेलिंगचे दोन प्रकार आहेत. शेवटी ‘आर-ई’ ही ब्रिटिश पद्धत, ‘ई-आर’ ही अमेरिकी. अमेरिकेत ती वेबस्टरच्या 1828 च्या शब्दकोशाने पक्की केली. भारतात सरकारी कागदांवर ब्रिटिश रूप चालते, दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही.